आमेन म्हणण्याआधी

मी एक जुना बाक आहे. शाळेतला नाही, बागेतला तर नाहीच. मी चर्चमधला बाक आहे आणि मला त्याचा थोडा अभिमानही आहे, हे लपवत नाही. माझी पाठ सरळ आणि उंच आहे, कारण प्रवचन चालू असताना माणसाने रेलून झोपू नये अशी माझ्या सुताराची इच्छा होती. माणसे तरीही झोपत. पण त्यात त्या बिचाऱ्या सुताराचा काय दोष?

तो सुतार तिरसट होता. माझ्या बैठकीसाठी आणलेल्या फळीत गाठ निघाली म्हणून त्याने ती वखारीत परत पाठवली. दुसरी आणली तर तिच्यातही गाठ. तेव्हा तो म्हणाला, "असू दे, माणसांच्या मनातही असतात," आणि तीच फळी त्याने बसवली. पुढे कितीतरी मुलांनी प्रवचन ऐकता ऐकता त्या गाठीवरून बोट फिरवले. तेवढा भाग अजून आरशासारखा गुळगुळीत आहे.

मित्रांनो, माझी जागा अगदी शेवटच्या रांगेत होती. उशिरा येणारे, रडकी बाळे घेऊन बसणाऱ्या आया, मध्येच बाहेर जाऊन येणारे काका, असली मंडळी माझ्या वाट्याला आली. मला ती आवडत. पुढे चर्चमध्ये मऊ गाद्यांचे नवे बाक आले आणि आम्ही जुने अडगळ ठरलो. काहींची सरपणात रवानगी झाली. मी वाचलो, कारण शेजारच्या खोलीत पतपेढी होती आणि तिथे लोकांना बसायला काही नव्हते.

पतपेढी म्हणजे काय, हे लहान मित्रांना सांगतो. चर्चला येणाऱ्या माणसांनी आपल्या कमाईतले थोडे थोडे पैसे तिथे ठेवायचे. ज्याला नड असेल त्याला त्यातून कर्ज द्यायचे. त्याने ते व्याजासकट फेडायचे आणि व्याजाचा वाटा सगळ्यांना मिळायचा. कल्पना उत्तम होती. मी आजही तिला नावे ठेवणार नाही.

पण एक गंमत झाली. मी त्या खोलीत आलो आणि लोकांना वाटू लागले की आपण चर्चमध्येच बसलो आहोत. माझ्यावर टेकले की बायका डोक्यावरून पदर घेत. पुरुष हलक्या आवाजात बोलत. खिडकीपलीकडे बसलेल्या सचिवांना कुणी चढ्या आवाजात काही विचारले, तर बाकीचे त्याच्याकडे असे पाहत, की जणू तो प्रार्थनेत शिंकला होता. "इथे किती शांत वाटतं," असे सगळे म्हणत, आणि त्या शांततेचे श्रेय मला देत. मी खूष होतो.

वर्षाचा हिशेबसुद्धा रविवारच्या प्रार्थनेच्या शेवटी, आशीर्वादाच्या जरा आधी वाचला जाई. सचिव गायकवृंदात गात असत. त्यांचा आवाज गोड, भरदार. त्या आवाजात ते जमा, कर्जे, शिल्लक वाचत आणि शेवटी म्हणत, "परमेश्वराच्या कृपेने हा हिशेब आपण मंजूर करावा." आणि सगळे चर्च एका सुरात म्हणे, "आमेन." झाले. हिशेब मंजूर. त्या "आमेन"नंतर कधी कुणी प्रश्न विचारला नाही. आमेननंतर कोण विचारणार?

आता मावशींविषयी सांगतो, कारण ही गोष्ट खरे तर त्यांची आहे.

मावशींचे इस्त्रीचे दुकान होते. दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक भाड्याची खोली, तीत एक लांब टेबल, दोन इस्त्र्या, आणि कोपऱ्यात खुर्चीवर सासूबाई. मावशी इस्त्री फिरवत, सासूबाई घड्या घालत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारत. वरच्या पोटमाळ्यावर दोघी राहत. मावशींचे यजमान अकाली गेले तेव्हापासून दोघींचा सारा संसार त्या एका खोलीत होता.

खोलीचा मालक भला माणूस होता, पण म्हातारा झाला होता. तो एकदा मावशींना म्हणाला, "मला खोली विकायचीय. आधी तुम्हाला विचारतो. वर्षअखेरपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही जमणार." मावशींनी मोठ्या उमेदीने होकार दिला. पोटाला चिमटा काढून त्यांनी पतपेढीत बरीच पुंजी साठवली होती. खोलीच्या किमतीला ती जेमतेम पुरत होती. माझ्यावर बसून त्या शेजारणीला हलक्या आवाजात म्हणाल्या होत्या, "आईंना शेवटी कुणी 'उठा' म्हणू नये, एवढंच हवंय मला." ते वाक्य मी विसरलेलो नाही.

मावशी पैसे काढायला आल्या त्या दिवशी दाराला कुलूप होते. दारावर एक कागद चिकटवला होता. तांत्रिक अडचणींमुळे व्यवहार तूर्त बंद आहेत, सभासदांनी संयम राखावा आणि प्रार्थना करावी, असे त्यावर लिहिले होते.

खरी गोष्ट हळूहळू बाहेर आली. पतपेढीचे बहुतेक पैसे एकाच माणसाला कर्जाऊ दिले होते. तो सचिवांचा मेव्हणा होता. त्याने इमारती बांधायला घेतल्या, त्या अर्ध्यावर राहिल्या आणि त्याने हात वर केले. एवढे मोठे कर्ज मंजूर कसे झाले? तेही एका रविवारी वाचले गेले होते. आणि सगळ्यांनी आमेन म्हटले होते.

पहिले काही दिवस नुसते रडणे चालले होते. परिचारिका असलेल्या एक ताई तर दारापाशीच मटकन बसल्या. घड्याळे दुरुस्त करणारे काका येत, कुलूप हलवून पाहत आणि निघून जात. मावशीही घरी जाऊन रडल्या असतील, पण तिसऱ्या खेपेला आल्या तेव्हा त्यांनी पदर खोचलेला होता. त्यांनी फादरांकडून खोलीची किल्ली मागून घेतली, काकांना हाताशी घेतले आणि मला दोघांनी मिळून बाहेर व्हरांड्यात आणून ठेवले.

"हा बाक इथे कशाला?" सचिवांनी विचारले.

"बसायला," मावशी म्हणाल्या. "आमचे पैसे आत आहेत का नाहीत, ते कळेपर्यंत आम्ही इथं बसणार. आत काही न्यायचं-आणायचं असेल तर आमच्या समोरून न्या."

आणि त्यांनी खरोखरच ठिय्या दिला. पाळ्या लावल्या. पण बसून राहणे कुणालाच परवडणारे नव्हते, म्हणून प्रत्येकजण आपापले काम घेऊन माझ्यावर येऊ लागला. काका डोळ्याला भिंग लावून घड्याळे उघडत. परिचारिका ताई रात्रपाळी करून येत आणि माझ्या सरळ पाठीला टेकून बसल्या बसल्या झोपत. मावशी शर्टांची तुटलेली बटणे शिवत. सासूबाईसुद्धा काठी टेकत आल्या. "सूनबाई, हा बाक टणक आहे गं," त्या म्हणाल्या. मग सचिवांच्या दिशेने पाहत जरा मोठ्याने, "पण माणसांपेक्षा बरा. निदान वजन तरी झेलतो."

मित्रांनो, माझ्यावर एवढे हसणे मी तोवर कधी ऐकले नव्हते. पण हसून खोली वाचत नाही. वर्षअखेर आली आणि मालकाने खोली विकली. तो मावशींना सांगायला स्वतः आला, डोळे वर न करता. मावशींनी त्याला दोष दिला नाही. टेबल, इस्त्र्या आणि सासूबाईंची खुर्ची त्यांनी एका हातगाडीवर चढवली आणि सगळे बहिणीच्या घराच्या जिन्याखाली नेऊन ठेवले. बहिणीच्या घरात दोघींना एक कोपरा मिळाला. धंदा बसला. दुसऱ्या दिवशी मावशी पाळीला आल्या, तेव्हा शिवायला बटणे नव्हती. त्या नुसत्या बसून राहिल्या, एका हाताने माझी कड घट्ट धरून. माझे लाकूड त्या दिवशी मला फार जड वाटले.

त्यानंतरच्या एका रविवारी फादरांनी सभासदांना अंगणात बोलावले. मलाही व्हरांड्यातून खाली आणले होते. बरेच जण उभे होते, माझ्यावर म्हातारी माणसे आणि एका कडेला मावशी बसल्या होत्या. प्रार्थना झाली. मग सचिव पुढे आले. पद सोडून पळणाऱ्यातला मी नाही, असे ते म्हणाले. मग त्याच गोड, भरदार आवाजात त्यांनी वाचले, की पतपेढीची ही खोली विकावी, गिऱ्हाईक तयार आहे, येणारी रक्कम सर्वांत वाटावी, म्हणजे निदान थोडेफार तरी हाती येईल. "परमेश्वराच्या कृपेने," ते म्हणाले, "हा ठराव आपण मंजूर करावा."

मला माझ्यावरच्या म्हाताऱ्यांचे श्वास कळत होते. ओठ उघडले होते. काहींच्या तोंडून "आ" निघालाही होता.

"थांबा," मावशी म्हणाल्या. त्या माझ्यावरून उठल्या होत्या. "आमेन म्हणू नका. आमेन देवाला म्हणायचं असतं. हा देवाचा ठराव नाही." मग त्या सचिवांकडे वळल्या. "साहेब, गिऱ्हाईक कोण आहे?"

"मावशी, ते महत्त्वाचं नाही. किंमत बघा ना..."

"किंमत बघतेच. ती पण कमी आहे. पण आधी सांगा, कोण घेतंय?"

सचिवांनी नेहमीप्रमाणे फादरांकडे पाहिले. फादर बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या मदतीला आले नाहीत. ते म्हणाले, "सांगा त्यांना."

खोली सचिवांच्या मेव्हण्याच्या बायकोच्या नावावर होणार होती.

मग जे झाले ते पाहायला हवे होते. ज्या लोकांनी जन्मात तिथे आवाज चढवला नव्हता, ते सगळे एकदम बोलू लागले. काकांनी विचारले, परिचारिका ताईंनी विचारले, रांगेत कायम मागे उभे राहणारे एक आजोबा तर दोनदा विचारते झाले. चर्चच्या भिंतींना तडे गेले नाहीत. आकाश कोसळले नाही. सचिवांची मात्र पाचावर धारण बसली. ठराव बारगळला, आणि त्याच अंगणात सचिव आणि मेव्हणा दोघांविरुद्ध पोलिसांत तक्रार करायचे ठरले.

"पण मग खोलीचं करायचं काय?" कुणीतरी म्हणाले. "रिकामी ठेवून काय मिळणार?"

मावशी म्हणाल्या, "मला द्या. भाड्याने. मी पूर्वीच्या मालकाला द्यायचे तेवढंच भाडं दर महिन्याला देईन. ते सगळ्यांच्या पैशात जमा करा, आणि ज्याला जास्त नड आहे त्याला आधी द्या."

"म्हणजे तुमची सोय झाली की," एकजण म्हणाला.

"हो, झाली," मावशी म्हणाल्या. "माझी खोली गेली म्हणूनच मागतेय. फुकट मागत नाही. कुणी जास्त भाडं देत असेल तर त्याला द्या, मी उठते."

कुणीच पुढे आले नाही. या वेळी कुणी आमेन म्हटले नाही. हात वर करायला सांगितले, हात मोजले आणि मगच खोली दिली.

तेव्हापासून मी पुन्हा आत आहे. खिडकीपाशी जिथे सचिव बसत तिथे आता लांब टेबल आहे. माझ्यावर एका टोकाला इस्त्री केलेल्या कपड्यांचे गठ्ठे, दुसऱ्या टोकाला सासूबाई. "ज्यांनी बुडवलं त्यांनाच भाडं देतोय आपण," त्या अधूनमधून म्हणतात. मावशी म्हणतात, "ज्यांचं बुडालं त्यांना देतोय, आई." पहिले भाडे परिचारिका ताईंच्या भावाच्या औषधाला गेले. या वेगाने मावशींची सगळी पुंजी परत मिळायची तर त्यांना फार म्हातारे व्हावे लागेल, हे त्यांना ठाऊक आहे. मेव्हण्याकडून वसुली व्हावी म्हणून कोर्टात खटला चालू आहे, आणि त्यांची खरी आशा तिथे आहे.

मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक दारात घुटमळले. सचिव होते. हातात एक पांढरा शर्ट. दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यांची तारीख होती. ते माझ्या कडेला बसले, अवघडून. मावशींनी शर्ट घेतला, पाणी शिंपडले आणि कॉलरपासून सुरुवात केली. त्यांनी ती इस्त्री इतकी सुरेख केली, की सासूबाईंनीसुद्धा मान डोलावली.

"मावशी," सचिव अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्यासाठी प्रार्थना करा."

"रोज करते," मावशी म्हणाल्या. "इस्त्रीचे पैसे आधी द्या. उधारी बंद आहे."

त्यांनी पैसे दिले. मावशींनी शर्ट त्यांच्या हातात ठेवला. "आणि उद्या मी पण येणार आहे तिथे. साक्षीला."

मित्रांनो, माझी वार्धक्यातली एकच विनंती आहे. माझी काळजी घ्या, मला वाळवीपासून जपा, हे मी सांगणार नाही. सासूबाई मला रोज पुसतात, तेवढे पुरे. पण जिथे तुम्ही कष्टाचे काही ठेवायला दिले असेल, ती जागा कितीही पवित्र वाटो, तिथे जाऊन बसा आणि स्पष्ट आवाजात विचारा. प्रश्नाने कुठलीही चांगली जागा बाटत नाही. बाक म्हणून मी तुम्हाला याची खात्री देतो.

सचिव शर्ट घेऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात मावशी नव्हत्या. सासूबाई एकट्याच माझ्यावर बसल्या होत्या, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ताठ मानेने सांगत होत्या, "कपडे ठेवून जा. सून पैसे आणायला गेलीय."