मोराचा तिसरा पाय

अब्बा कुठेही झोपत. येवल्याला मागावर विणता विणता त्यांची मान पडे. अशाच एका डुलकीत त्यांनी पैठणीच्या पदरावरच्या मोराला तीन पाय विणले. ती पैठणी कुणी घेईना, म्हणून अम्माला लग्नात मिळाली. आणि आजोबांनी अब्बांना मागावरून कायमचं उठवलं.

मग त्यांना नाशिकला, गंगापूरच्या रस्त्याकडच्या माळावर नोकरी लागली. १९३६ च्या सुमाराला एका कंपनीचं विमान तिथे टपाल आणि एकदोन उतारू घ्यायला उतरे. माळावरची गुरं हाकायची, विमान थांबलं की चाकांना लाकडी पाचर लावायची, निघताना काढायची, एवढंच काम. पण कंपनीचे एजंट रावजी यांनी बजावलं होतं, "खाजा, पुन्हा झोपलेला दिसलास तर घरी जायचं!" आमच्या घरात दुसरी कमाई नव्हती.

त्या दिवशी अम्मा आणि मी त्यांची भाकरी घेऊन गेलो होतो. विमान उतरलं. वैमानिक केकीसाहेब पहाटेपासून फेऱ्या मारून पेंगुळले होते. खाली उतरून त्यांनी एका म्हशीपुढे टोपी काढली. "गुड मॉर्निंग, मॅडम." मग ते थेट अजून फिरणाऱ्या पंख्याकडे चालू लागले. अब्बांनी त्यांचा पट्टा धरून मागे ओढलं. दोघे गवतात आडवे.

"थँक यू, मॅडम," साहेब अब्बांना म्हणाले.

रावजींनी त्यांना चहा पाजला. बशी हातात घेऊनच साहेबांनी टाकीत पेट्रोल भरून घेतलं आणि टाकीचं तोंड बंद केलं.

"रावजी, साहेबांना झोपू द्या," अब्बा म्हणाले.

"तू झोपेची वकिली करू नको! पुंजाशेठ सटाण्याहून आलेत, त्यांना इंदूरला भाचीचं लग्न गाठायचंय. पाचर काढ."

"झोपेत माझ्या मोराला तिसरा पाय फुटला. यांच्या विमानाला काय फुटेल?"

"काढ म्हणतो ना!"

अब्बांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. मग ते विमानाच्या चाकापुढे आडवे झाले, चाकाला मिठी मारली आणि घोरू लागले.

"सोंग करतोय लेकाचा!" रावजींनी पाय धरून ओढले. अब्बा हलले नाहीत, पायजमा तेवढा हलला. "अल्ला!" म्हणत अम्माने तोंडावर पदर घेतला. पुंजाशेठनी तांब्याभर पाणी ओतलं. अब्बांनी कूस बदलली.

"हाऊ माणूस शे का म्हैस शे?" शेठ म्हणाले.

केकीसाहेब मात्र कौतुकाने बघत होते. "साला, फर्स्ट क्लास आयडिया!" असं म्हणून ते पंखाच्या सावलीत आडवे झाले आणि डोकं अब्बांच्या पोटावर ठेवलं. थोड्याच वेळात अब्बांच्या घोरण्याच्या शेवटी शीळ वाजू लागली. आता ते सोंग राहिलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा अम्मा, घरी रोज सकाळी वाकायची तशी, त्यांच्या कानाशी वाकली. "चहा मोरीत ओतते हं."

अब्बा ताडकन उठून बसले. साहेबांचं डोकं जमिनीवर आपटलं आणि तेही जागे झाले, पुरते जागे. विमानाभोवती फिरून ते टाकी बघायला वर चढले आणि तिथेच थबकले. टाकीच्या तोंडावर बशी पालथी घातलेली होती. त्यांनी खिसा चाचपला. टाकीचं झाकण खिशात होतं.

"साहेब," अब्बा खालून म्हणाले, "हाच तो तिसरा पाय."

रावजींनी चाकाची पाचर आणखी आत ठोकली. पुंजाशेठनी गाठोडं उचललं. "मी आगगाडीमा जासू."

पुढच्या आठवड्यात रावजींनी स्वतः एक बाज आणून लिंबाखाली टाकली. "वैमानिकांसाठी आहे," ते अब्बांना दरडावून म्हणाले. "तुझ्यासाठी नाही." नोकरी राहिली. बाजेवर कोण झोपे, ते सगळ्या माळाला ठाऊक होतं.

माळावर विमान यायचं बंद झालं तेव्हा अब्बांनी ती बाज घरी आणली. गेल्या थंडीत ते तिच्यावर झोपले ते उठले नाहीत. माणसं जमली. अम्माने सगळ्यांना जरा थांबायला सांगितलं, चहा केला, आणि त्यांच्या कानाशी वाकून आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली.

मग तिने कप माझ्या हातात दिला. मी तो पिऊन टाकला. मोरीत ओतणं बरं दिसलं नसतं.