वहीत न खोडलेली ताई

एकटीनं फिरायला जायचं म्हटल्यावर घरात कुणी आडवं आलं नाही. भावानं पेपरमधून डोकं न काढता "किती दिवस?" एवढं विचारलं. वहिनीनं माझ्या वाटणीच्या दुधाचं काय करायचं ते ठरवलं. कुठल्या गावाला, हे काही कुणाच्या तोंडून निघालं नाही. बरंच झालं, म्हटलं. अडतीस वर्षं शाळेत काढली, दर सहलीला पोरींची डोकी मोजता मोजता जीव मेटाकुटीला यायचा. आता एकच डोकं सांभाळायचं होतं, तेही माझंच.

गाव फोटोत दिसतं तसंच निघालं, याचा मला थोडा रागच आला. मधे तळं, भोवती डोंगर, डोंगरांच्या माथ्यावर बर्फ, सगळं जागच्या जागी. रस्ते दगडी आणि चढाचे, आणि दर दहा पावलांवर कुणीतरी कुणाचा तरी फोटो काढत उभं. मी एकटी दिसले की लोक आपला फोन माझ्या हातात ठेवायचे. पहिल्या दिवशी सात जोडप्यांचे फोटो काढले मी. तुमचा काढू का, असं त्यातल्या एकीनं विचारलं, तिला नको म्हटलं.

तिसऱ्या दिवशी होडीनं पलीकडच्या काठावर जायचं ठरवलं. तिकडे कड्यावर एक जुना बुरूज आहे, बाकी वस्ती नाही. धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत नावाड्याची बायको बसते. ती जाणाऱ्यांची नावं लिहून घेत नाही. माणूस दिसेल तसं वहीत लिहिते. माझ्या आधीच्या ओळी मी उलट्या बाजूनं वाचल्या: लाल टोपी, खोकणारे आजोबा, भांडणारं जोडपं. माझ्याकडे एक नजर टाकून तिनं लिहिलं, एकटी ताई.

"परत आलात की मला तोंड दाखवून जायचं, मग मी खोडते," ती म्हणाली. "चारला वारा सुटतो. शेवटची खेप साडेतीनला."

मी मान डोलावली. माझ्या वर्गातल्या पोरी डोलवायच्या तशीच, अजिबात न ऐकता.

नावाडी साठीचा, काटकुळा, एका पायानं किंचित लंगडणारा. जाताना तो एकच शब्द बोलला, "सांभाळून", तोही होडीतून उतरताना.

बुरूज पाहायला दहा मिनिटं पुरली. मागच्या बाजूला एक पायवाट दिसली, पाटीवर 'गावाकडे' आणि बाण. ऊन छान होतं, कुणाला विचारायचं नव्हतं, कुणासाठी थांबायचं नव्हतं. निघाले. तळ्याला वळसा घालून वरच्या आळीतून गावात शिरले आणि थेट खोलीवर जाऊन बादलीभर गरम पाण्यात पाय सोडून बसले. इतकं सुख मला वर्षानुवर्षांत मिळालं नव्हतं.

साडेचारच्या सुमाराला मालकीणबाई टॉवेल घेऊन आल्या. खिडकीबाहेर वारा घोंगावत होता.

"कुणीतरी पलीकडे राहिलंय म्हणे," त्या म्हणाल्या. "या वाऱ्यात नावाडी परत गेलाय आणायला."

"लोकांना अक्कल नसते हो," मी म्हटलं. "आमच्या शाळेत असं कुणी केलं असतं ना, महिनाभर वर्गाबाहेर उभी केली असती."

"बाई आहे. एकटीच आहे म्हणतात."

"मग तर डोकं ठिकाणावर ठेवूनच फिरायला हवं."

त्या गेल्या. मी डावा पाय पुसला. उजवा पुसायला घेतला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

धक्क्यावर पोचले तेव्हा नावाड्याची बायको वही मांडीवर घेऊन बसली होती. मी दिसताच तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, पेन काढलं आणि ओळ खोडली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"त्यांना फोन करा ना," मी म्हटलं.

"फोन इथंच ठेवून जातो. दोन बुडवले आतापर्यंत."

"दुसरी होडी पाठवता येईल?"

"या वाऱ्यात कोण घालतंय? यानं घातली तेवढी पुरे." मग ती तळ्याकडे बघत म्हणाली, "आता तुम्ही सापडल्याशिवाय तो परत फिरायचा नाही. दोन वर्षांमागे एकाला असाच शोधत कड्याशी गेला, पाय सरकला. तो माणूस आपल्या खोलीत जाऊन झोपलेला, आणि हा सकाळपर्यंत कपारीत. कमरेत सळई घातलीय."

"मी जाते पायवाटेनं. आलेच ना तिकडून."

तिनं मला नको म्हटलं नाही. तिला खिडकी सोडता येत नव्हती. तो परत आलाच तर सांगणार कोण? तिनं टॉर्च दिला आणि आपल्या अंगातला कोट काढून माझ्या अंगावर घातला.

सव्वा तास चालले. टाचांना फोड आले होते, ते वाटेत फुटले. उशिरा येणाऱ्या पोरी दारात उभ्या राहून पुटपुटायच्या तशी मी माफी घोकत होते. भीती वाटत होती, खरंच सांगते. तो पडला असेल तर त्या बाईला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

बुरुजाजवळ पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. खाली कड्याच्या बाजूनं हाक आली.

"ताई, अहो ताई, कुठं आहात?"

तो धडधाकट होता. माझ्या जिवात जीव आला. तिथंच ओ द्यायला हवी होती. मी टॉर्च बंद केला.

हाक मारून तो थांबायचा, उत्तराची वाट बघायचा, मग दगडांवरून त्याची लंगडी पावलं पुढं सरकायची. पुन्हा हाक. आवाज बसला होता त्याचा, तासभर ओरडत असणार. त्रेसष्ट वर्षांत मी कितीजणींना अशा हाका मारल्या असतील, झाडाझुडपांत, बाजारात, स्टेशनांवर. मला कुणी मारल्याचं आठवेना. तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज फाटला. कमरेत सळई घातलेला माणूस कड्याच्या तोंडाशी, आणि मला ती हाक अजून एकदा ऐकायची होती.

चौथ्या हाकेला मी ओ दिली. तो धापा टाकत वर आला, आधी माझ्या पायांकडे पाहिलं आणि "लागलं तर नाही ना?" एवढंच विचारलं. मी माफी मागितली, वहीची, वाऱ्याची, सगळ्याची. त्या तीन हाकांचं मात्र त्याला काही सांगितलं नाही.