भिंतीवर उगवलेला हात

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मुंगी शिरायलाही जागा नव्हती. चपलांचा खच जिन्यापर्यंत आला होता आणि आत चाळीसेक माणसं घामाने निथळत एका भिंतीकडे टक लावून बसली होती. भिंतीवर हात उगवला होता. काळपट हिरवा, पाच बोटांचा, अगदी स्पष्ट. तो रोज वाढतो असं जो तो शेजारच्याच्या कानात सांगत होता, आणि दर्शन घेतलेली माणसं घरी जाऊन स्वतःच्या खिडक्या बंद करत होती.

घर आत्याच्या भावाचं. आत्या म्हणजे त्याच्या पोरीची आत्या, वह्या-रजिस्टरं बांधणारी. चौकातली तिची बाइंडिंगची खोली सगळ्यांना ठाऊक, म्हणून लोक तिला पुठ्ठेवाली म्हणत. तीन महिन्यांपूर्वी या बहीण-भावाची आई याच खोलीत गेली आणि त्यानंतर भावाच्या सहा वर्षांच्या मुलीला खोकला लागला. आईच्या जाण्याने भाऊ पार खचला होता. अशी माणसं हेरणारे लोक असतातच. एक स्वामी घरी आले, दहा मिनिटं खोलीत एकटे ध्यानाला बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, सातव्या दिवशी आईचा हात भिंतीवर येईल. तोवर खिडक्या कागदाच्या पट्ट्यांनी बंद, पातेल्यात मुळ्या टाकलेलं पाणी दिवसभर उकळत, आणि मुलीचं अंथरूण त्याच भिंतीला लागून.

सातव्या दिवशी हात आला.

"आजी नातीला थोपटते आहे," स्वामी मधाळ आवाजात सांगत. "खोकला वाढला तर भिऊ नका, दोष बाहेर पडतो आहे. पुढच्या गुरुवारी हात दुप्पट होईल." आणि खोकला कमी झाला असता तर? तोही हाताचाच गुण ठरला असता. स्वामींनी दोन्ही दारं आपल्याच अंगणात उघडून ठेवली होती.

आत्याने मात्र भिंतीला नाक लावलं. तो वास तिच्या रोजच्या ओळखीचा होता. मागे एकदा तिच्या कामगाराने कणकेच्या खळीत बुरशी धरू नये म्हणून घालतात तो मोरचूद विसरून दोन गठ्ठे रजिस्टरं चिकटवली होती. आठवड्यात त्यांवर बुरशी आली, आणि तीही नेमकी जिथे खळीचा ब्रश फिरला होता तिथेच. खोलीतल्या कपाटामागे वरच्या न्हाणीघराची गळती होती, तिथली बुरशी डाग पडावेत तशी वेडीवाकडी पसरली होती. हाताच्या कडा मात्र रेखीव होत्या. आपोआप वाढणारी बुरशी असली शिस्त पाळत नाही. शिवाय आईचा हात लहानखुरा, हा चांगलाच दांडगा.

तिने भावाला बाजूला घेऊन सांगितलं, ही बुरशी आहे, पोरीला इथून हलव. भाऊ उसळला. "स्वतःच्या आईचा हात ओळखत नाहीस? श्रद्धा नसेल तर उंबऱ्याबाहेर राहा."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त होतं. दुसऱ्या दिवशी ती अगदी गरीब गाय होऊन आली आणि पातेलं उकळतं ठेवायची सेवा मागून घेतली. खोलीत एकटी असताना तिने समोरच्या भिंतीवर, पडद्याआड, पातळ खळीने ब्रश फिरवला. वाळल्यावर काही दिसेना. वहिनीला तिने सगळं सांगितलं होतं. भाऊ कामावर गेला की दोघी पोरीला गच्चीवर मोकळ्या हवेत नेत. रात्री मात्र पोर पुन्हा त्या भिंतीशीच, आणि श्वास घेताना तिच्या बरगड्यांत खळगे पडत. त्या आठवड्याबद्दल आत्याने स्वतःला कधीच माफ केलं नाही.

गुरुवारी खोली पुन्हा भरली. हात खरोखरच गडद आणि दाट झाला होता. स्वामींनी डोळे मिटले, माना झुकल्या, आणि आत्या उठून उभी राहिली.

"मीही एक भविष्य वर्तवलंय," ती म्हणाली. "लिहून वहिनीकडे दिलंय. वहिनी, वाचा."

वहिनीने घडी उघडली. "पडद्यामागे गाढव येईल. शेपटी येणार नाही."

आत्याने पडदा ओढला. भिंतीवर लांब कानांचं, काळपट हिरवं गाढव उभं होतं, आणि त्याला शेपटी नव्हती. मागून कोणी तरी फिस्सकन हसलं.

स्वामी म्हणाले, ही अश्रद्धेची विटंबना आहे. आत्या म्हणाली, ही कणकेची खळ आहे. बुरशीचे बारीक कण सगळ्याच घरांच्या हवेत असतात. त्यांना लागतं खाणं आणि ओल. खाणं मी दिलं, ओल या पातेल्याने. झाकणावर वाफ जमते तशी ती गार भिंतीवर जमते, आणि खिडक्या बंद म्हटल्यावर तिने जावं कुठे? शेपटीही काढली होती, पण तिच्या खळीत मोरचूद होता, म्हणून तिथे काही जगलं नाही. जवळून बघा, निळसर रेघ दिसेल.

लोक खरंच जवळ जाऊन बघू लागले. भाऊ हलला नाही. तो आईच्या म्हटल्या जाणाऱ्या हाताकडेच बघत होता. अनामिकेच्या मुळाशी एक रुंद कोरी फट होती.

"आई अंगठी घालत नव्हती," तो हळूच म्हणाला. मग त्याने स्वामींचं मनगट धरलं आणि पंजा ठशावर टेकवला. बोटाला बोट जुळलं, आणि फटीत स्वामींच्या अंगठीचा पट्टा नेमका बसला. "त्या दहा मिनिटांत काय केलंत?"

स्वामींनी हिसका देऊन मनगट सोडवलं. ते चपला शोधत जिन्याकडे पळाले.

माणसं ओशाळून उठू लागली. आत्याने त्यांना दारातच अडवलं. "घरी जा आणि खिडक्या उघडा. कपाटं भिंतीपासून सरकवा, गळका नळ दुरुस्त करा. मूल खोकलं तर डॉक्टरकडे न्या. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर त्याला खोलीत एकटं सोडू नका."

भावाने खिडकीवरच्या पट्ट्या नखांनी ओरबाडून काढल्या. हवा आत आली तशी पोर खोकत उठून बसली. त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि दारातून मागे वळून भिंतीकडे पाहिलं.

"मला वाटलं, आई परत आलीय," तो म्हणाला.

"आई परत आली असती," आत्या म्हणाली, "तर तिने आधी ही खिडकी उघडली असती. चल, दवाखाना बंद होईल."