एकोणीस कोंबड्या आणि एक खाच

मित्रांनो, आमच्या धाकट्याला घाई फार. चहासुद्धा उभ्याने पितो. त्याच्या हाती पडले आणि माझ्या अब्रूला घोर लागला.

मी एक जुनी सुरी आहे, कोशेर म्हणजे ज्यू धर्मनियमांना चालणाऱ्या मांसासाठी जनावर कापणारी. मला टोक नाही. लांब, सरळ पातं आणि केसभरही खाच नसलेली धार, एवढंच माझं रूप. पण तोरा विचारू नका! धारेला खाच असली की गळा चिरत नाही, फाटतो. तसलं मांस आमच्या चुलीवर चढत नाही.

धाकट्याच्या वडिलांनी मला तीस वर्षं सांभाळलं. प्रत्येक कोंबडीच्या आधी आणि नंतर ते माझ्या धारेवरून बोटाचं पेर फिरवत, मग नख. लोक हसत, "सुरीची नाडी बघताय का?" ते म्हणत, "हिची नाडी चुकली तर तुमचं जेवण चुकलं." गेल्या वर्षी ते गेले.

काल धाकट्याच्या बहिणीच्या लग्नाचं जेवण होतं. एकोणीस कोंबड्या. पठ्ठ्याने मला पहिल्या कोंबडीआधी तपासलं, ते थेट एकोणिसावीनंतर. नख अडखळलं. खाच! कितव्या कोंबडीला पडली, कोण सांगणार? म्हणजे सगळ्याच बाद. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला फडक्यात गुंडाळलं.

रक्त उतरवायला मिठाची परात घेऊन आई दारात उभीच होती.

"सुरी तपासलीस?"

"हो. एकदम ठीक."

"आण इकडे."

"अगं, पाहुणे यायला लागलेत!"

"बसतील. आण."

तिने नख फिरवलं. एकदाच. परात खाली ठेवली.

"कोंबड्या शेजाऱ्यांना देऊन टाक, त्यांना चालतात. पाहुण्यांना भाजी वाढू. नावं ठेवलीच तर मला ठेवतील."

"कुणाला कळलं असतं, आई?"

मित्रांनो, मला दगड लागतो, कोरडं फडकं लागतं. पण त्याहून जास्त लागतो तो खाच सापडल्यावर 'सापडली' म्हणणारा माणूस. तेवढा तरी ठेवा.

आईने मला पदराने पुसलं आणि लेकाकडे पाहिलं.

"हिची खाच मी तासाभरात दगडावर काढीन. तुझं ते 'एकदम ठीक' कुठल्या दगडावर घासू रे? सुरी आजपासून माझ्या कपाटात."