टाचांनी काढलेली वाट

मित्रांनो, सुकापूरच्या कडेला चिंचेखाली जी गंजकी लॉरी उभी आहे ना, ती मीच. चाकं कधीच गेली, टपावर कोंबड्या बसतात. हसा खुशाल! पण मी दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईतली आहे. वर आसामातल्या दलदलीतून तोफा ओढल्यात मी. अशा मला रोडपालीच्या खाजणाने, भरतीचं पाणी शिरतं त्या खाडीकाठच्या चिखलाने, कसं धरलं, ते ऐका.

लढाई संपल्यावर धर्मराज ड्रायव्हरने मला लिलावात घेतलं, पनवेलला आणलं, आणि मी मिठागरांचं मीठ वाहू लागले. एकोणपन्नासच्या मे महिन्यात माझ्यात हौसाबाईचं मीठ भरलं होतं. नवरा काशीराम अंथरुणाला खिळलेला. सारा हंगाम तिने एकटीने उपसला होता. त्या मिठावरच घराचं वर्ष निघायचं.

बांधावरचा रस्ता लांबचा. खाजणात मात्र चिखल वाळून पांढरी पापडी धरली होती, दिसायला अगदी टणक. धर्मराजने मला तिकडे वळवलं.

"भाऊ, आदी खाली उतर. पाय लावून बग," शेजारी बसलेली हौसा म्हणाली.

"माझी गाडी आसाम बघून आलीय, बाई!"

मीही फुशारले. शंभर पावलांवर पापडी फुटली आणि मागची चाकं रुतली. धर्मराज जोर देत राहिला आणि मी आणखी खोल, आणखी खोल! तेवढ्यात खाडीचं पाणी चढू लागलं.

"मीठ टाका खाली, गाडी हलकी होईल!" धर्मराज ओरडला.

"नाय टाकायचं! वरीसभर आमी काय खावं?" म्हणत हौसा मिठागराकडे धावली.

गोदू, मंगळी आणि सहा-सात जणी घेऊन ती परतली. त्यांनी चर काढून पाणी वळवलं, चाकांपुढे पेंढा पसरला, आणि खांद्याला खांदा लावून माझ्यापुढे बांधाच्या दिशेने ओळीने उभ्या राहिल्या. मिठागराची जमीन घट्ट करतात तशा टाचा मारत एकेक वीत सरकू लागल्या. मला भारी नवल वाटलं. माझ्या एवढाल्या चाकांना जमलं नाही, ते या अनवाणी टाचांना कसं जमणार?

"आता हलू हलू चालव. जोर नको," हौसा म्हणाली.

आणि अहो, चाकाखाली खरंच जमीन लागली! बांधावर चढून मागे पाहिलं, तर आमची चाकोरी पाण्याखाली गेली होती. हौसाच्या मिठाचा एक खडाही भिजला नव्हता. त्यानंतर चिखल दिसला की धर्मराज चपला काढून आधी खाली उतरायचा.

पुढे खाऱ्या हवेने माझा पत्रा खाल्ला. धर्मराजही थकला. मला इथे सोडून गेला तेव्हा फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, मागणं एकच आहे. नव्या वाटेवर अंगातल्या जोराची घमेंड नको. त्या मातीत रोज अनवाणी वावरणाऱ्याला आधी विचारा.

काल हौसाची नात मालू माझ्या सीटवर चढून तोंडाने घर्र घर्र करत होती. म्हातारी हौसा काठी टेकत आली.

"मालू, आदी काय करायचं?"

पोर टुणकन खाली उतरली, टाच मारून जमीन पाहिली, पुन्हा वर चढली, आणि आम्ही दोघी निघालो.