माझ्या पोटाची कल्हई

मी हंडा बोलतोय. तांब्याचा, चौघांनी मिळून उचलायचा, दोनशे माणसांचं रांधायचा हंडा. डोंगरातल्या ऐन-लौझे गावात, चर्चच्या अंगणात, अक्रोडाच्या झाडाखाली माझी चूल आहे. आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. भांड्याने कसं सोसून-बिसून घेतल्यासारखं गोड बोलावं, अशी तुमची अपेक्षा असेल तर पुढचं ऐकूच नका. जन्मभर विस्तवावर बसलोय मी. माझ्याकडून थंड बोलणं कुठून येणार?

डोंगरात मोठा दुष्काळ पडून गेला, त्यानंतर काही वर्षांनी माझा जन्म झाला. चर्चला मोठं भांडं हवं होतं, पण तांबं विकत आणायची कुणाची ऐपत नव्हती. मग ज्याने त्याने घरातलं मोडकंतोडकं आणून दिलं. कुणी फुटकी परात, कुणी दांडा गेलेली कॉफीची किटली, कुणी आजीच्या लग्नातलं चेपलेलं घंगाळ. खालच्या वाडीतल्या शिया घरांनीही दिलं. तराबलस शहरातल्या तांबटाने ते सगळं वितळवलं आणि पंधरा दिवस मला ठोकून काढलं. माझ्या अंगात कुणाचं तांबं कुठे आहे, हे विचाराल तर मलाही सांगता यायचं नाही.

माझं मुख्य काम मरियामातेच्या सणाचं. ऑगस्टच्या मध्यात गावभराची हरीसा माझ्यात शिजते. गहू आणि मांस, दोन्ही एकजीव होईस्तोवर घोटायचं. येईल त्याने वल्ह्याएवढी पळी हातात घ्यायची, चार वेढे फिरवायचे आणि पुढच्याच्या हाती द्यायची. नाव-गाव, जात-पात कुणी विचारत नसे. आणि एक पद्धत अशी की पहिलं ताट अंगणाबाहेर जायचं. परक्याला. कुणी वाटसरू असेल, कुणी मेंढपाळ, कुणी त्या वर्षी शेतावर आलेला मजूर. त्याने घास घेतल्याशिवाय गावातलं कुणी जेवत नसे. अबूनासुद्धा नाहीत. अबूना म्हणजे आमचे पाद्रीबाबा.

मोहरमच्या दहाव्या दिवशी खालच्या वाडीतही हरीसाच शिजते, आणि तीही माझ्यातच. मला खेचरावर बांधून खाली न्यायचे. परत आणताना रिकामा कधी आणला नाही हो त्यांनी. कधी पोटात गहू, कधी अंजिरं. लग्नं केली, मयतं केली, एका हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद झाला तेव्हा अठरा दिवस दोन्ही वाड्यांचं सूप माझ्यातच उकळलं.

आता माझ्या पोटाचं सांगतो, कारण भांडण तिथलंच आहे. तांबं उघडं असलं की अन्न कळकतं, विषारी होतं, हे तुमच्याकडच्या बायकांना मी सांगायला नको. म्हणून आत कल्हई हवी. खालच्या वाडीतला अबू शाकिर दर वर्षी सणाच्या आठवडाभर आधी भाता घेऊन यायचा. मला तापवायचा, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने सरसर पुसत जायचा. क्षणात माझं पोट चांदीसारखं पांढरं व्हायचं. मजुरी म्हणून सणाच्या दिवशी आपला वाडगा घेऊन येणार आणि वर्देमावशी तो काठोकाठ भरणार.

ही वर्देमावशी म्हणजे माझी मालकीण म्हटली तरी चालेल. चाळीस वर्षं हरीसा तिच्या हाताखाली शिजतेय. तोंडाने फटकळ. "घोटतोयस की झोका घेतोयस, गाढवा?" असं ती एकदा खुद्द अबूनांना म्हणाली होती. आता तिला मोतीबिंदू झालाय. माणूस आवाजाने ओळखते आणि हरीसा वासाने.

आणि मग आले रमझीसाहेब.

तीस वर्षं आखातात काढून, मोठं घर बांधून गावात परतले आणि चर्च समितीचे अध्यक्ष झाले. माणूस वाईट नाही म्हणतात सगळे. मी म्हणतो, असेल. पण त्याला प्रत्येक गोष्ट फोटोत बरी दिसायला हवी असते. आल्या आल्या त्याने अंगणाला लोखंडी फाटक बसवलं. फाटकावर पहारेकरी आला. पहारेकऱ्याच्या हातात यादी आली. नव्वद वर्षं ज्या अंगणात शेळ्यासुद्धा न विचारता यायच्या, तिथे आता माणसाला नाव सांगावं लागायला लागलं.

यंदाच्या उन्हाळ्यात दक्षिणेत बाँब पडायला लागले. माणसं गाद्या गाडीच्या टपावर बांधून डोंगरात वर आली. अबूना बुत्रुसनी कुणाला न विचारता चर्चच्या शाळेचे वर्ग उघडले आणि अकरा कुटुंबं आत घेतली. रमझीच्या कपाळाला आठी पडली.

"अबूना, समितीला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं रे," अबूना म्हणाले, "पण समितीची बैठक महिन्याने होते आणि त्यांची लेकरं त्याच दिवशी दारात होती."

 पण सणाला यादीप्रमाणेच वाढायचं, हे रमझीने ठरवून टाकलं. बिशप येणार होते. मग त्याची नजर माझ्याकडे वळली. बाहेरून काजळी, आतून कथलाचा फिका पांढरा रंग. त्याला माझी लाज वाटली! शहरातून त्याने एक माणूस आणला. त्याच्या हातात घूं घूं करणारं घासायचं यंत्र. बाहेरून घासलं, ठीक आहे. पण तो दीडशहाणा आतही उतरला. अबू शाकिरच्या हातची सगळी कल्हई त्याने खरवडून काढली. मी आतून लालबुंद झालो, आरशासारखा.

"वा!" रमझी म्हणाला. "ह्याला म्हणतात हंडा. इतकी वर्षं घाण साचू दिली होती तुम्ही ह्याच्यात."

घाण! ज्याने तुमच्या बापजाद्यांची पोटं सांभाळली, ती घाण! मला हात असते तर त्याच क्षणी त्याच्या मुस्काटात दिली असती.

अबू शाकिर नेहमीप्रमाणे भाता घेऊन आला, तेव्हा पहारेकऱ्याने त्याला बाहेरूनच वाटेला लावलं. "यंदा गरज नाही, हंडा शहरातल्या माणसाकडून करून घेतलाय." म्हाताऱ्याला वाटलं, शहरात कल्हई करून घेतली असेल. मान खाली घालून निघून गेला.

सणाच्या आदल्या संध्याकाळी गहू माझ्यातच भिजत घातले, मीठ घालून. पहाटे चूल पेटली. मी ओरडत होतो. तुम्हाला खोटं वाटेल, पण तांबं तापताना जो आवाज होतो ना, तो मी त्या दिवशी मुद्दाम मोठ्याने करत होतो. ऐकतंय कोण? तरुण बायकांनी माझं लाल पोट पाहिलं आणि "किती सुंदर" म्हणाल्या. त्यांच्या घरी स्टील आणि ॲल्युमिनियम, कल्हई त्यांनी आजीच्या तोंडून फक्त ऐकलेली. अबूना मिस्सेच्या, चर्चमधल्या सणाच्या प्रार्थनेच्या, तयारीत. आणि वर्देमावशीला दिसत नव्हतं. तिने वास घेतला, जरा थबकली, म्हणाली, "काहीतरी वेगळंय गं. मांस बदललं का?" कुणीतरी म्हणालं, "हो मावशी, यंदा शहरातून आणलंय." झालं. पळी फिरत राहिली. माझ्या काठाशी हिरवट कड धरायला लागली होती.

मिस्सा संपली. बिशप खुर्चीत बसले. रमझी चिनीमातीची बशी घेऊन पुढे आला, तर अबूनांनी त्याचा हात धरला.

"पहिलं ताट बाहेरचं."

"अबूना, आज तरी... बिशप बसलेत."

"बिशपना माहितीय पद्धत."

शाळेच्या पायरीवर फिद्दा उभी होती. दक्षिणेतून आलेली, नवरा मागेच राहिलेला, त्याचा फोन चार दिवस लागलेला नव्हता. तिच्या ओढणीला धरून सहा वर्षांची नर्जिस. अबूनांनी ताट भरलं आणि स्वतः नेऊन त्या पोरीच्या हातात दिलं. इतकं कडकडीत की ती फुंकर मारायला लागली.

काय वाटलं मला त्या वेळी, कसं सांगू? नव्वद वर्षं पहिलं ताट परक्याला देत आलो, आणि आज त्याच पद्धतीने सगळ्यात आधी विष जाणार होतं ते घर सोडून आलेल्या लेकराच्या पोटात. पोरगी आजारी पडली असती, तर दुपारपर्यंत खोऱ्यात बातमी पोचली असती की चर्चने आसऱ्याला आलेल्यांना विष घातलं. मग कुणी कुणाचं ऐकलं असतं?

तेवढ्यात फाटकावर ठणाठण आवाज सुरू झाला. अबू शाकिर आपला वाडगा लोखंडावर आपटत होता. पहारेकरी यादी दाखवत होता, "आजोबा, नाव नाही तुमचं." म्हाताऱ्याने सहज विचारलं होतं, की शहरवाल्याने कथील कसं बसवलंय? पहारेकरी ऐटीत म्हणाला होता, "कसलं कथील? सोन्यासारखा लाल चमकतोय, आतून-बाहेरून." आणि म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बहिणी! वर्दे!" तो बोंबलला. "हंडा आतून लाल आहे! कल्हई नाही! कुणाला खाऊ देऊ नकोस!"

वर्देमावशीने हात माझ्या काठाच्या आत घातला. बोटं भाजली, पण आत कथलाचा थर नाही, हे तिला कळलं. ती वळली आणि जिकडून फुंकर ऐकू येत होती, तिकडे धावली. दिसत नव्हतं म्हणून हात जोरात गेला. ताट उडून पायरीवर पडलं. हरीसा पोरीच्या पायावर सांडली. नर्जिस किंचाळली.



"आम्ही भिकारी नाही!" फिद्दा कडाडली. "नको होतं तर द्यायचं नव्हतं. लेकराच्या हातातलं उडवता? सणाच्या दिवशी? हाच का तुमचा धर्म?" शाळेतून तिची माणसं बाहेर आली. एक जण बाह्या सरसावत होता.

"अगं बाई, विष आहे ते!" वर्देमावशी खाली बसून पोरीचे पाय आपल्या ओढणीने पुसत होती आणि रडत होती. "आमच्याच मूर्खपणाचं विष. मरियामाउलीची शपथ, तुझ्यासाठी नाही केलेलं, आम्ही सगळेच खाणार होतो."

"काहीतरीच!" रमझी पुढे झाला. "बाई म्हातारी झालीय, भ्रम झालाय तिला. त्या कल्हईवाल्याचा धंदा बुडाला म्हणून तो बोंबलतोय. हरीसा उत्तम आहे."

वर्देमावशी उठली. चाचपडत माझ्याकडे आली, चिनीमातीची ती बशी काठोकाठ भरली आणि आवाजाच्या दिशेने पुढे धरली.

"उत्तम आहे ना? मग खा."

रमझीने बशी घेतली. खाली पाहिलं. कडेने हिरवट झाक होतीच.

"खा ना, रमझी. बाळा, तुझ्या आईने माझ्या शेजारी उभं राहून हीच हरीसा घोटलीय. एक घास."

दोनशे माणसं बघत होती. बिशप बघत होते. फिद्दा बघत होती. रमझीचा हात तोंडाकडे गेला नाही. त्याने बशी हळूच माझ्या चुलीच्या कट्ट्यावर ठेवली आणि मान वळवली.

फिद्दाने ते पाहिलं. एवढंच पुरे होतं तिला. तिने ओढणी खोचली, माझ्या एका कडीला ओल्या फडक्याने धरलं आणि आपल्या माणसांवर ओरडली, "बघताय काय? या इकडे!" दुसऱ्या कडीला अबूना बुत्रुस लागले, झगा गुडघ्यापर्यंत गुंडाळून. पहारेकऱ्याने यादी खिशात कोंबली, फाटक उघडलं आणि तोही धावला. सगळ्यांनी मिळून मला सणाच्या दिवशी, भरल्या पोटाने, अक्रोडाखाली घाईने खणलेल्या खड्ड्यात उपडं केलं. हरीसेवर माती लोटली, कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून. ऐन-लौझेने त्या दिवशी पाव, ऑलिव्ह आणि टरबूज खाल्लं. बिशपनीही.

अबू शाकिरने त्याच दुपारी भाता लावला. पण दोन ठिकाणी कथील गुठळी होऊन बसलं. ते तसंच आहे अजून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हरीसा शिजली. फिद्दाने घोटली, वर्देने घोटली, दोघी एकमेकींशी फारसं बोलल्या नाहीत. रमझी घरीच बसला. पहिलं ताट नर्जिसचंच होतं. तिच्या पायाला औषधाची पट्टी होती. तिने ताट मांडीवर घेतलं. भूक लागलेली होती, दिसत होतं. पण तिने हात लावला नाही. ताटाकडे पाहिलं, मग वर्देमावशीच्या हाताकडे, तो किती लांब आहे ते.

"आजी," तिने विचारलं, "आता खाऊ का?"

 वर्देमावशी पोरीशेजारी पायरीवर बसली, तिच्याच ताटातला एक घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाली, "खा, बाळे." तेव्हा कुठे ती खायला लागली.

आज मी माझ्या चुलीवर आहे. रमझी अजून अध्यक्ष आहे, फाटकही तिथेच आहे. समितीत म्हणे ठरतंय की मला प्रवेशद्वारापाशी ठेवून माझ्यात फुलं लावावीत. लावा हवं तर. पण तोवर ऐका. मला बाहेरून कितीही घासा, माझ्या पोटाला हात लावायचा असेल तर आधी त्याला बोलवा ज्याला पोट म्हणजे काय ते कळतं, मग तो कुठल्याही वाडीचा असो. मी लाखो ताटं भरली आहेत. एवढ्या आयुष्यात कुठल्याही लेकराने माझ्या ताटापुढे बसून "खाऊ का?" असं विचारलं नव्हतं. ते त्या पोरीला विचारावं लागलं, आणि हा राग माझ्या पोटातून जात नाही. जाऊही नये.