गुलाबी वेलीखाली

“तुमचाच खड्डा आहे हा, कोंपाद्रे. म्हणा की!” चढ संपायच्या आतच एउफेमिया म्हणाली.

माझ्या लेकीची ती धर्ममाय, म्हणून आम्ही एकमेकांना कोमाद्रे-कोंपाद्रे म्हणतो. तिचा मुलगा इसाउरो कॉफीच्या मळ्यावर कामाला म्हणून गेला तो गेलाच. परवा खालच्या ओढ्यात त्याची टोपी सापडली. कोफ्रे डोंगराच्या या उतारावर माती दोघंच उकरतात: जुलाबाच्या औषधाचा कंद काढणारे आम्ही आणि माणसं मारून पुरणारे ते टोळीवाले. उकरलेल्या जागी दोन्हीकडे गुलाबी वेलच चढते, लांबून अगदी सारखी. म्हणून गावातल्या बायका हरवलेल्यांना शोधायला फावडी घेऊन निघाल्या की मला बरोबर नेतात.

“ह्यांना काय विचारतेस? ह्यांना स्वतःची बायको बाजारात ओळखू येत नाही,” त्या बायकांतली लिचा म्हणाली. बायका हसल्या. हसावंच लागतं हो, नाहीतर पाय उचलत नाहीत.

मी तिथल्या वेलीचं फूल तोडलं. आमच्या कंदाच्या फुलाची नळी लांब असते आणि केसर तोंडाबाहेर आलेले असतात. याचे आत दडलेले. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. तेच. आमची नव्हे, उकरल्या मातीत आपसूक माजणारी रानवेल.

आमचीच आहे, म्हणून टाक, असं मन सारखं म्हणत होतं. निदान आज तरी ती दोन घास जेवली असती. पण मग उद्या दुसरा डोंगर, परवा तिसरा. किती दिवस चढायला लावायचं त्या बाईला?

“कोमाद्रे, आम्ही इथं कधी खणलेलं नाही.”

“नीट बघितलंत?”

“बघितलं.”

ती मटकन खाली बसली. “किती गोजिरी फुललीय मेली,” एवढंच म्हणाली.

लिचानं लोखंडी सळई मातीत ठोकली, उपसून टोक नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं. खाली माणूस असला की टोकाला वास लागून येतो. काहीतरी करायचं म्हणून मी वेल तोडायला कोयता उचलला, तर एउफेमियानं माझं मनगट धरलं.

“कोयता नको. हळू.” ती वेलीचा एकेक वेढा बोटांनी सोडवू लागली. “त्याला दचकवून उठवलेलं कधीच आवडायचं नाही.”

मी कोयता बाजूला ठेवला आणि तिच्या शेजारी बसून हातानं वेल काढू लागलो.